झपाट्याने वाढणाऱ्या कंपनीत नोकरी: ऑफर लेटरपासून शेवटच्या पगारापर्यंत

घोटी परिसरात नोकरी म्हटली की आजही आधी गोंदे-वाडीवऱ्हेचे कारखाने आठवतात, इगतपुरीचा महिंद्राचा कारखाना आठवतो, रेल्वे आठवते. तिथली शिफ्ट, ओव्हरटाइम, दिवाळीचा बोनस, कायम होण्याची वाट हे सगळे घरातल्या थोरल्यांना पाठ असते. मुलाने किंवा मुलीने पत्र आणून दाखवले की वडील दोन मिनिटांत सांगतात, जावे की नाही.

आता वेगळी पत्रे येऊ लागली आहेत. कंपनी चार वर्षांची, पुण्यात किंवा ठाण्यात. वर्षापूर्वी तिथे चाळीस माणसे होती, आज दीडशे आहेत. पगाराचा आकडा मोठा, खाली 'ईसॉप' नावाचे काहीतरी, आणि दोन दिवसांत होकार कळवा असा आग्रह. हे पत्र वाचून घरात कुणालाच काही सांगता येत नाही. म्हणून पत्र हातात पडल्यापासून ती नोकरी सोडेपर्यंत काय काय होते, ते क्रमाने पाहू. पूर्वीची काही माहिती असायची गरज नाही.

माझे मत आधीच सांगतो. अशा कंपनीत जरूर जावे. तीन वर्षांत तिथे जेवढे शिकायला मिळते, तेवढे दुसरीकडे दहा वर्षांत मिळेलच असे नाही. मात्र तिथे दर सहा महिन्यांनी साहेब बदलतो, काम बदलते, धोरण बदलते, आणि ज्याने शब्द दिला तो माणूसच निघून गेलेला असतो. त्यामुळे जे महत्त्वाचे आहे ते कागदावर, निदान ई-मेलवर आलेले असावे.

कंपनी खरी आहे ना?

पहिले काम पाच मिनिटांचे आहे. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की तिची नोंदणी कधी झाली, संचालक कोण, भागभांडवल किती, हे मोफत दिसते. पत्रावरचे नाव आणि तिथले नाव जुळते का ते पाहा. बाजारातले नाव वेगळे आणि नोंदणीचे नाव वेगळे असू शकते. 'फर्स्टक्राय' हे दुकानाचे नाव आहे, कंपनीचे नाव 'ब्रेनबीज सोल्यूशन्स'. त्यात वावगे काही नाही, पण पत्रावर नोंदणीचे नाव असलेच पाहिजे.

प्रशिक्षणाचे, लॅपटॉपच्या अनामतीचे, 'फाइल चार्ज'चे पैसे कुणी मागत असेल तर विषय तिथेच संपवा. नोकरी देणारा नोकराकडून पैसे घेत नाही. मूळ गुणपत्रिका किंवा पदवीचे प्रमाणपत्र ठेवून घेणाऱ्यालाही ते देऊ नका. दाखवा, छायाप्रत द्या, मूळ कागद घरी आणा.

आणखी एक जागा नीट वाचा: पत्र देणारा कोण? नाव मोठ्या स्टार्टअपचे सांगितलेले असते आणि पत्र एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचे असते. गोंद्यात ज्याला कंत्राटी म्हणतात, तेच हे. गोदामे, डिलिव्हरी, कॉल सेंटर आणि विक्री या कामांत असे सर्रास चालते. कंत्राटी काम वाईटच असते असे नाही, पण मग पगार, पीएफ आणि तक्रार या तिन्हींसाठी आपला मालक ती एजन्सी ठरते. हे रुजू होण्याआधी माहीत असावे.

पगार कुठून येतो?

भात गिरणीचा मालक कामगारांचा पगार भरडाईच्या उत्पन्नातून देतो. वाढत्या स्टार्टअपचा पगार बहुधा विक्रीतून येत नाही, गुंतवणूकदाराच्या पैशातून येतो. कंपनी मुद्दाम तोट्यात चालवली जाते. आधी ग्राहक मिळवायचे, बाजार व्यापायचा, नफ्याचे नंतर पाहायचे, असा तो हिशेब असतो. ही लबाडी नव्हे, हा धंद्याचा एक प्रकार आहे. पण त्यामुळे आपल्या नोकरीचे आयुष्य गुंतवणुकीच्या पुढच्या हप्त्याशी बांधले जाते.

हे हप्ते ठरावीक क्रमाने येतात. सुरुवात संस्थापकांच्या खिशातल्या पैशाने होते. मग एखादा धनिक स्वतःची रक्कम घालतो, त्याला एंजल गुंतवणूकदार म्हणतात. त्यानंतर सीड, म्हणजे बियाण्यापुरती गुंतवणूक. पुढे सिरीज ए, बी, सी अशा वाढत्या फेऱ्या. आपण कोणत्या फेरीनंतर रुजू होत आहोत, हे मुलाखतीत सरळ विचारा. कुणी वाईट मानत नाही.

इथे 'मूल्यांकन' हा शब्द भेटतो आणि बहुतेकांचा घोळ होतो. समजा, गुंतवणूकदाराने १० कोटी रुपये देऊन कंपनीचा १० टक्के हिस्सा घेतला. म्हणजे पूर्ण कंपनीची किंमत १०० कोटी धरली गेली. बातमी येते, 'शंभर कोटींची कंपनी'. बँकेत मात्र आले दहाच कोटी. बाकीचे नव्वद कोटी हा अंदाज आहे, आणि अंदाज खाली येऊ शकतो. बायजूज या शिकवणी कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते. जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेही १५८ कोटींच्या थकबाकीवरून.

म्हणून मूल्यांकनापेक्षा 'रनवे' विचारा. रनवे म्हणजे हातात असलेली रोकड किती महिने पुरेल तो काळ. गणित सोपे आहे. बँकेत २४ कोटी, महिन्याचा खर्च ३ कोटी, महिन्याची आवक १ कोटी. म्हणजे दरमहा २ कोटी कमी होतात आणि रोकड बारा महिने पुरते. आता कंपनीने भराभर माणसे घेतली आणि खर्च ४ कोटी झाला, तर तीच रोकड आठच महिन्यांची उरते. नवी फेरी उभी करायला कित्येकदा सहा महिने जातात. जी भरती पाहून आपल्याला कंपनी जोरात आहे असे वाटते, तीच भरती रनवे खात असते.

संस्थापक नेमका आकडा सांगतीलच असे नाही. पण 'दीड वर्षाची सोय आहे' आणि 'त्याची काळजी तुम्ही करू नका' या दोन उत्तरांतला फरक आपल्याला कळतो. कंपनीचे वार्षिक हिशेब मंत्रालयाच्या त्याच संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून पाहता येतात. ते वर्ष-दीड वर्ष जुने असतात, तरी तोटा किती वेगाने वाढतो आहे एवढे त्यांतून नक्की दिसते.

असे वाढणारे उद्योग फक्त सॉफ्टवेअरचेच असतात असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीत, विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. द्राक्षे, टोमॅटो, फळप्रक्रिया यांभोवतीच्या कंपन्यांत काम शोधत असाल तर एक प्रश्न जास्तीचा विचारा: हे काम बारमाही आहे की हंगामापुरते? द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसला माणूस पुरत नाही, हंगाम सरला की चित्र पालटते.

सीटीसी आणि हातातला पगार

पत्रावरचा मोठा आकडा सीटीसीचा असतो. सीटीसी म्हणजे आपल्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. तो आपला पगार नव्हे. घोटीत हे समजावणे सोपे आहे. एक क्विंटल भात भरडला की पासष्ट-सदुसष्ट किलो तांदूळ हाती येतो, बाकी तूस आणि कोंडा. भाताचे वजन तांदळाचे म्हणून कुणी धरत नाही. सीटीसीचेही तसेच, उतारा काढावा लागतो.

समजा, सीटीसी ६ लाख आहे. बाराने भागून ५० हजार हा आकडा मनात येतो. पत्राच्या शेवटच्या पानावरचा तक्ता काढा. त्यात ६० हजार 'व्हेरिएबल' असतील, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेली, मिळाली तर मिळणारी रक्कम. कंपनीचा पीएफचा वाटा २१,६०० असेल. मूळ वेतन २५ हजार धरले तर ग्रॅच्युइटीपोटी सुमारे १४,४०० दाखवलेले असतील. आरोग्य विम्याचे ८ हजार धरू. हे सारे वजा जाता वर्षाला ४ लाख ९६ हजार उरतात, म्हणजे महिन्याला सुमारे ४१,३००. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. खात्यात येतात सुमारे ३९,३००.

पुण्यात खोलीचे भाडे, डबा आणि गाडीचे पेट्रोल या ३९,३०० मधून करायचे आहे, ५० हजारांतून नव्हे. घरी आकडा सांगतानाही हाच सांगा. सीटीसी ऐकून घरच्यांनी कर्जाचे हप्ते ठरवले की पुढे ओढाताण होते.

तक्त्यात चार ठिकाणी फसगत होते. व्हेरिएबल किती टक्के लोकांना पूर्ण मिळाले, ते कुणी विचारत नाही. विचारा. 'जॉइनिंग बोनस' वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो, ती ओळ बारीक अक्षरात असते. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावर मिळते, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला नव्या कामगार संहितेत वेगळा, एक वर्षाचा नियम आहे. स्टार्टअपमध्ये पाच वर्षे टिकणारे थोडेच, तेव्हा ती रक्कम हातची धरू नका. आणि मूळ वेतन फारच कमी ठेवून भत्ते फुगवलेले असतील तर कारण विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

ईसॉपची गोष्ट

आता सगळ्यात जास्त स्वप्ने आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेला भाग. ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर पुढे कधीतरी आज ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क. शेअर नव्हे, हक्क. हे नीट लक्षात आले की अर्धा गोंधळ मिटतो.

या स्वप्नाचे मूळ आपल्याच राज्यात आहे. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, १९९३ मध्ये शेअर बाजारात आली, आणि कर्मचाऱ्यांना शेअर देण्याच्या तिच्या धोरणामुळे कित्येक सामान्य पगारदार श्रीमंत झाले. ती गोष्ट खरी आहे. पण सुरुवात आणि बाजार यांत बारा वर्षे गेली होती.

हा हक्क एकदम मिळत नाही. तो हळूहळू आपला होतो, त्याला 'व्हेस्टिंग' म्हणतात. चार वर्षांची मुदत हा सर्वसाधारण रिवाज आहे. समजा १,२०० हक्क मिळाले. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत एकही आपला नसतो. कायद्यानेही किमान एक वर्षाचे अंतर बंधनकारक आहे. वर्ष पुरे झाले की ३००, मग दर महिन्याला २५. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली तर हाती शून्य. वर्ष भरायला थोडे दिवस उरले असताना राजीनामा देणारे लोक असतात, केवळ ही अट माहीत नसल्यामुळे.

१,२०० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कंपनीचे एकूण शेअर किती, हे विचारा. एकूण १ कोटी असतील आणि कंपनीची किंमत २०० कोटी धरली असेल, तर एक शेअर २०० रुपयांचा. आपला हक्क १० रुपयांना घेण्याचा असेल तर कागदावर २,२८,००० रुपयांचा फायदा, तोही चार वर्षांनी. म्हणजे वर्षाला ५७ हजार. पगार वर्षाला एक लाखाने कमी घेऊन हे हक्क घ्यावेत का, याचे उत्तर आता आपले आपल्याला काढता येईल. एकूण शेअरचा आकडा सांगायला कंपनी नकार देत असेल, तर त्या हक्कांची किंमत शून्य धरून पगाराची बोलणी करा. माझा सल्ला ठाम आहे.

पुढची अडचण कराची. हक्क वापरून शेअर घेतले की बाजारभाव आणि आपण दिलेली किंमत यांतला फरक त्या वर्षीच्या पगारात मिळवला जातो आणि त्यावर प्राप्तिकर लागतो. शेअर विकलेले नसतात, पैसा आलेला नसतो, पण कर भरावा लागतो. काही ठरावीक मान्यताप्राप्त स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना २०२० पासून हा कर पुढे ढकलता येतो, मात्र नोकरी सोडली की सवलत संपते. नंतर शेअर विकल्यावर झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर वेगळा.

नोकरी सोडल्यावर हक्क वापरायला किती दिवस मिळतात, हेही योजनेच्या कागदात असते. बहुधा तीस ते नव्वद दिवस. तेवढ्यात शेअरची किंमत आणि कर दोन्हींचे पैसे उभे करता आले नाहीत, तर चार वर्षांची कमाई वाया जाते. काही कंपन्या ही मुदत काही वर्षांची ठेवतात. अशी कंपनी भेटली तर ते तिच्या चांगुलपणाचे लक्षण समजा.

आणि कंपनी विकली गेली तर? गुंतवणूकदारांनी आपले पैसे आधी परत मिळण्याची अट करारात घातलेली असते. शंभर कोटी घातलेली कंपनी नव्वद कोटींना विकली, तर नव्वदचे नव्वद त्यांच्याकडे जाऊ शकतात. कर्मचाऱ्यांचा नंबर शेवटी. शेअर बाजारात आलेली कंपनीही भाव टिकवेलच असे नाही. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या फर्स्टक्रायचा शेअर १३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला. विक्रीची किंमत ४६५ रुपये होती, पहिल्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारात तो ६५१ रुपयांना उघडला, आणि २०२५ मध्ये ४६५ च्याही खाली गेला. त्या पहिल्या दिवशी ज्याने आपल्या हक्कांची किंमत मोजली आणि ज्याने वर्षभराने मोजली, त्यांचे आकडे फार वेगळे निघाले.

रुजू झाल्यावर

पहिल्या आठवड्यात धक्का बसतो तो इथे काहीच लिहून ठेवलेले नसते याचा. कारखान्यात यंत्रापाशी कामाची पद्धत लावलेली असते. इथे ती कुणाच्या तरी डोक्यात असते आणि तो माणूस मीटिंगमध्ये असतो. घाबरू नका. पहिले दोन महिने जे जे समजेल ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. नवीन माणूस आला की तोच कागद उपयोगी पडतो, आणि आपण नकळत त्या कामाचे जाणकार ठरतो.

कंपनी वाढताना आतून कशी बदलते, ते समजून घ्या. वीस माणसांत संस्थापक प्रत्येकाला नावाने ओळखतो, त्याच्याशी बोलून निर्णय होतो. पन्नास-साठ झाली की मनुष्यबळ विभाग येतो, रजेचा अर्ज येतो. दीडशेवर गेली की मधे थर तयार होतात: टीम लीड, मॅनेजर, विभागप्रमुख. या प्रत्येक टप्प्यावर जुन्या माणसांना वाटते, पूर्वीचे राहिले नाही. नव्यांना वाटते, इथे शिस्त नाही. दोघांचेही म्हणणे खरे असते.

सगळ्यात कडू घास जुन्या माणसांच्या वाट्याला येतो. ज्याने दोन वर्षे रात्रीचा दिवस करून काम उभे केले, त्याच्या वर बाहेरून अनुभवी माणूस आणून बसवला जातो. कंपनीला तीनशे माणसांचा कारभार पाहिलेला माणूस हवा असतो, आणि आपण तो पाहिलेला नसतो. राग येतो, आणि तो साहजिक आहे. पण लगेच राजीनामा देऊ नका. सहा महिने त्या माणसाकडून काय शिकता येते ते पाहा. शिकण्यासारखे काही नाही असे दिसले, तर मग निघा.

कामही बदलते. विक्रीसाठी घेतलेल्या मुलीला ग्राहकांच्या तक्रारी सांभाळाव्या लागतात, कारण तो विभाग अजून उभाच नाही. कधी कंपनीच दिशा बदलते, त्याला पिव्हट म्हणतात. जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रामानी कोथंडरामन यांनी २००८ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या द्रुवाने आधी वित्तीय कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर केले, मग ती सगळ्याच प्रकारच्या कंपन्यांची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या धंद्यात उतरली आणि तिने २०१९ मध्ये एक अब्ज डॉलरचे मूल्यांकन ओलांडले. दिशा बदलली म्हणजे कंपनी बुडाली असे नाही. दर तिमाहीला बदलू लागली, तर मात्र विचार करा.

आपली जबाबदारी वाढली की महिन्याभरात साहेबांना एक ई-मेल लिहा: अमुक तारखेपासून मी ही ही कामे पाहत आहे. भांडणाचा सूर नको, नुसती नोंद. पगारवाढीच्या वेळी साहेब बदललेला असतो आणि नव्या साहेबाला हीच नोंद दाखवता येते.

घोटीकरांसाठी प्रवासाचे स्वतंत्र सांगतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून भिवंडी-ठाणे जवळ आल्यासारखे वाटते. इगतपुरीहून पंचवटी एक्स्प्रेस आहेच. त्यामुळे घरूनच जाऊन-येऊन करू, असा विचार मनात येतो. पहिले सहा महिने तरी तसे करू नका. या कंपन्यांत संध्याकाळी सात वाजता मीटिंग निघते, आणि 'आठवड्यातून दोन दिवस ऑफिस' हे धोरण एका ई-मेलने पाच दिवसांचे होते. कामाची लय कळू द्या, मग ठरवा. घरून काम करण्याच्या आश्वासनावर नोकरी स्वीकारत असाल, तर ते पत्रात लिहून घ्या.

तास आणि कायदा

'आम्ही स्टार्टअप आहोत, आमच्याकडे तास मोजत नाहीत,' हे वाक्य आपल्या कानावर पडेल. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला आहे. व्यवस्थापकीय पदांना त्यातून सूट असल्यामुळे नव्या मुलालाही 'असिस्टंट मॅनेजर' असे नाव दिले जाते. पदाचे नाव भारदस्त असले म्हणून हुरळून जाऊ नका, काम काय आहे ते पाहा.

महिन्यातून एखादा आठवडा जादा राबावे लागणे समजू शकते. सहा महिने रोज रात्री दहापर्यंत थांबावे लागत असेल, तर तो उत्साहाचा नव्हे, माणसे कमी घेतल्याचा प्रश्न आहे, आणि तो सोडवणे कंपनीचे काम आहे. झोप उडाली, जेवणाच्या वेळा गेल्या, घरी फोन करणे टळू लागले, तर साहेबांशी बोला. आजारी पडेपर्यंत थांबू नका.

कंपनी वाढते तसतसे कायदे लागू होत जातात, आणि वाढीच्या घाईत कंपन्या नेमके हेच विसरतात. दहा माणसे झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा आहे. वीस झाली की पीएफ लागू होतो. पन्नास झाली की पाळणाघराची सोय लागते. आपल्या मुली पुण्या-मुंबईला एकट्या राहून नोकरी करतात. समितीत कोण आहे, त्यांचा फोन क्रमांक कोणता, हे पहिल्याच दिवशी विचारायला सांगा. उत्तर नसेल तर कंपनीने माणसे वाढवली, पण त्यांची काळजी घ्यायची तयारी केली नाही, एवढे कळते.

हवा बदलल्याची लक्षणे

कपात एका सकाळी जाहीर होते, पण तिची चाहूल आधी लागते. नवी भरती थांबते. गेलेल्या माणसाच्या जागी कुणी येत नाही. पुरवठादार बिलासाठी खेपा घालतात. संस्थापक 'आता नफ्याकडे लक्ष' असे बोलू लागतात. ही लक्षणे एकेकटी फसवी असतात, पण दोन-तीन एकत्र दिसली तर बायोडेटा ताजा करा.

सगळ्यात विश्वासार्ह लक्षण मात्र आपल्या मोबाइलवर असते: पीएफचे पासबुक. पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणे मालकावर बंधनकारक आहे. उमंग ॲपवर किंवा पीएफच्या संकेतस्थळावर आपला यूएएन, म्हणजे आयुष्यभर तोच राहणारा पीएफ क्रमांक टाकला की दर महिन्याची जमा दिसते. पगाराच्या पावतीवर कपात आहे आणि पासबुकात जमा नाही, असे सलग दोन महिने झाले, तर कंपनीची रोकड आटली आहे असे समजा. दर महिन्याला २० तारखेनंतर एकदा पासबुक उघडायची सवय लावा. हे काम फार थोडे लोक करतात, आणि जे करतात ते वेळेवर सावध होतात.

पगारच लांबला तर? एक महिना समजून घेता येईल, कारण आणि तारीख लेखी घेऊन. दुसऱ्या महिन्यालाही तेच झाले, तर निष्ठेच्या नावाखाली थांबू नका. कंपनी दिवाळखोरीत गेली तर कर्मचाऱ्यांच्या थकीत पगाराला कायद्याने क्रम दिलेला आहे, पण पैसे मिळायला वर्षे जाऊ शकतात. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या वर्षात चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकणे, हे नव्या मोबाइलच्या हप्त्याआधी करा.

नोकरी सोडताना

राजीनामा ई-मेलने द्या. नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करायचा काळ, पत्रात असतो तेवढा पाळा. प्रोबेशनमध्ये तो बहुधा कमी असतो. 'अमुक वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाही' अशी अट कागदात असली, तरी नोकरी संपल्यानंतर ती भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. कंपनीची गुप्त माहिती आणि ग्राहकांच्या याद्या सोबत नेणे मात्र खरोखर अंगाशी येते. स्वतःच्या पेनड्राइव्हवर काहीही घेऊ नका.

बाँड वेगळा. ठरावीक मुदतीआधी सोडल्यास रक्कम भरण्याची अट दरवेळी बेकायदा ठरतेच असे नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, तरी बाँडवर सही करताना 'असे बाँड चालत नाहीत' या ऐकीव माहितीवर विसंबू नका.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केल्याची पोच घ्या. रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र, सगळ्या पगाराच्या पावत्या आणि ईसॉपचे कागद आपल्या खासगी ई-मेलवर आधीच आलेले असू द्या, कारण कंपनीचा ई-मेल त्याच संध्याकाळी बंद होतो. नव्या वेतन संहितेनुसार शेवटचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा. प्रत्यक्षात अनेक कंपन्या अजून जुन्या सवयीने महिना-दीड महिना लावतात, तेव्हा संहितेचा उल्लेख करून नम्रपणे लेखी मागणी करा. पीएफ काढून खर्च करू नका, नव्या कंपनीच्या खात्यात वर्ग करा.

पुढच्या वर्षी घोटीतलेच कुणी अशाच कंपनीचे पत्र घेऊन आपल्या दारी आले, तर त्याला अर्धा तास द्या. त्याच्यासोबत बसून शेवटच्या पानावरच्या तक्त्यातून हातातला पगार काढा, आणि पीएफचे पासबुक कसे उघडायचे ते त्याच्या मोबाइलवर करून दाखवा.